गुन्हा एकाचा, प्रश्न सगळ्यांचा : गुन्हेगारी समजून घेताना

रविवारची वंदना संपली होती. लोक विहारातून बाहेर पडत होते, पण एक मावशी दाराशीच थांबल्या होत्या. "पोराला पोलिसांनी नेलंय, कुठं नेलंय तेही नीट कळत नाही," एवढेच त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मुलगा वीस वर्षांचा. बारावीनंतर शिक्षण सुटले. मिळेल तेव्हा कुरिअरचे काम करायचा. ओळखीच्या एकाने त्याला सांगितले, "तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो." त्याने पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिमकार्ड देऊन टाकले. पुढे त्या खात्यातून ऑनलाइन फसवणुकीचे काही लाख रुपये फिरले. ज्यांचे पैसे गेले ते दुसऱ्या राज्यातले एक निवृत्त शिक्षक होते. तिथले पोलीस वस्तीत आले आणि मुलाला घेऊन गेले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.)

त्याच संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत दोन मते पुढे आली. एक मत असे, की असल्या पोरांमुळे वस्तीचे नाव खराब होते, जयंती समितीतून त्याचे नाव काढून टाका. दुसरे मत असे, की पोरगा गरीब आहे, त्याला फसवले गेले, त्याचा काहीच दोष नाही. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही ही दोन्ही मते नेहमी ऐकतो. पहिल्या मतात मुलगा दिसत नाही आणि दुसऱ्या मतात ते निवृत्त शिक्षक दिसत नाहीत. गुन्हा समजून घ्यायचा असेल तर दोघांकडेही पाहावे लागेल. या लेखाचा प्रयत्न तोच आहे.

गुन्हा कशाला म्हणायचे?

कायद्याच्या भाषेत उत्तर सोपे आहे. कायद्याने ज्या कृत्याला शिक्षा सांगितली आहे ते कृत्य म्हणजे गुन्हा. आपल्या देशात १८६० चा भारतीय दंड संहितेचा कायदा दीर्घकाळ लागू होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे.

पण कायदा आकाशातून पडत नाही, तो त्या त्या काळचा समाज तयार करतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा तिथल्या सनातनी लोकांच्या नजरेत तो अपराध होता. परतणाऱ्या सत्याग्रहींना त्यासाठी मारहाण झाली, नंतर तळ्याचे 'शुद्धीकरण'ही झाले. पुढे त्याच बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या संविधानाने कलम १७ द्वारे अस्पृश्यता नष्ट केली. आज सार्वजनिक पाणवठ्यावर जातीमुळे कुणाला अडवणारा माणूस गुन्हेगार ठरतो. पाणी तेच, माणसे तीच, पण गुन्हेगार कोण हे उलटे झाले. म्हणून गुन्ह्याचा विचार करताना एक प्रश्न कायम विचारावा लागतो : ही व्याख्या कुणी केली आणि तिचा फटका कुणाला बसतो?

दुसरी गोष्ट आकडेवारीची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी गुन्ह्यांचा अहवाल काढतो. २०२२ च्या अहवालात अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे नोंदवलेले आहेत. ही संख्या पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचून नोंदल्या गेलेल्या प्रकरणांची आहे. गावात राहायचे आहे म्हणून गप्प बसलेली कुटुंबे यात नाहीत. मारहाण सोसून 'घरातली गोष्ट' म्हणून झाकून ठेवणाऱ्या बायकाही नाहीत.

तिसरी गोष्ट, गुन्हेगार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झोपडपट्टीतला पोरगा येतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये 'पांढरपेशा गुन्हेगारी' ही कल्पना मांडली. प्रतिष्ठित माणसे आपल्या हुद्द्याचा वापर करून जे गुन्हे करतात, त्यांनी समाजाचे नुकसान पाकीटमारापेक्षा किती तरी पट जास्त होते, पण त्यांना गुन्हेगार म्हणण्याची आपल्या जिभेला सवय नसते, हे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त एक हजार रुपये काढता येत होते. आयुष्यभराची पुंजी अडकलेली म्हातारी माणसे मुंबईत रस्त्यावर उतरली. गरिबी हे गुन्ह्याचे एकमेव कारण असते, तर असे घोटाळे झालेच नसते. लोभ, द्वेष आणि मोह ही अकुशलाची तीन मुळे तथागतांनी सांगितली, ती बंगल्यात राहणाऱ्यालाही सोडत नाहीत.

'जन्मजात गुन्हेगार' : एक खोटी कल्पना आणि तिची किंमत

गुन्हेगार जन्मालाच तसा येतो, ही समजूत जुनी आहे. इटलीतील सीझर लोंब्रोसो यांनी १८७६ मध्ये पुस्तक लिहून कवटीच्या आणि चेहऱ्याच्या ठेवणीवरून गुन्हेगार ओळखता येतो असा दावा केला होता. पुढे तो खोटा ठरला. आपल्याकडे मात्र त्याच्या पाच वर्षे आधीच संपूर्ण जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा झाला होता. तो म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा.

जातीचा धंदा बापाकडून मुलाकडे जातो, तसा गुन्हाही जात असणार, असे इंग्रज अधिकाऱ्यांनी गृहीत धरले. हे गृहीतक त्यांना आपल्याच जातिव्यवस्थेने पुरवले, हे विसरता कामा नये. आरंभी उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा नंतर मुंबई इलाख्यातही आला. यादीत नाव आलेल्या जमातीच्या माणसाला नोंदणी करावी लागे, हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवाना लागे. अनेक कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवले गेले. सोलापूरला अशी मोठी वसाहत होती, 'सेटलमेंट' हा शब्द तिथल्या लोकांच्या तोंडी आजही आहे.

या लोकांच्या पोटापाण्याचे काय झाले होते, तेही पाहिले पाहिजे. बंजारा समाज बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ देशभर वाहून नेत असे. रेल्वे आली आणि तो व्यवसाय संपला. जंगल कायदे आले आणि शिकारीवर, वनउपजावर जगणाऱ्यांची वाट बंद झाली. आधी राज्याने जगण्याचे साधन काढून घेतले, मग भटकत राहिले म्हणून संशय घेतला आणि शेवटी गुन्हेगार असा शिक्का मारला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण त्याच्या जागी राज्याराज्यांत 'सराईत गुन्हेगार' कायदे आले. मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा आहे. शिक्का कागदावर पुसला गेला, पोलीस ठाण्यात आणि गावाच्या मनात तसाच राहिला. गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ मध्ये आले आणि त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जन्मामुळे चोर ठरवल्या गेलेल्या घरात मुलाला शाळेची वाट कशी शोधावी लागते, हे मराठी वाचकाला त्या पुस्तकातून आतून कळले.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. २७ मे २००७ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लक्ष्मण माने यांच्या पुढाकाराने भटक्या-विमुक्तांनी मोठ्या संख्येने धम्मदीक्षा घेतली. ते आपले धम्मबांधव आहेत. शिवाय जातीचा शिक्का तुरुंगातही पाठ सोडत नव्हता. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलींत सफाईचे काम कुणी करायचे आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवरून ठरत होते, विमुक्त जमातींच्या बंद्यांकडे सराईत म्हणून पाहिले जात होते. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला आणि असे नियम घटनाबाह्य ठरवले. तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्याचे आदेशही दिले. प्रजासत्ताकाला हे सांगायला ७४ वर्षे लागली.

तथागतांनी सांगितलेले कारण

गुन्ह्याची कारणे समाजात शोधण्याचे श्रेय आपण पाश्चात्त्य समाजशास्त्राला देतो. समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पण ते गाठायचा सरळ रस्ता काहींनाच देतो, तेव्हा उरलेल्यांपैकी काही जण आडवाट धरतात, हे रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये मांडले. पण पाली साहित्यात यापेक्षा किती तरी जुने विवेचन आहे, आणि आपल्या वर्षावासाच्या प्रवचनांत ते पुरेसे येत नाही, अशी आमची तक्रार आहे.

दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात एका राजाची गोष्ट आहे. तो पूर्वजांप्रमाणे राज्याचे रक्षण करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढते आणि कुणीतरी पहिली चोरी करतो. राजा त्याला विचारतो, तू चोरी का केलीस? तो सांगतो, जगण्याचे साधन नाही. राजा त्याला धन देतो. चोरी केली की धन मिळते असे पाहून आणखी लोक चोरी करू लागतात. मग राजा चिडतो आणि धडा शिकवायचे ठरवतो. चोराचे हात मागे बांधून, मुंडण करून, ढोल वाजवत रस्त्यारस्त्यातून फिरवून त्याचा शिरच्छेद करतो. लोक काय शिकतात? आपणही धारदार शस्त्रे करावीत आणि ज्यांना लुटू त्यांना जिवंत ठेवू नये. पुढचा चोर पकडला जातो तेव्हा तो शिक्षेच्या भीतीने खोटे बोलतो. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या, हत्येतून असत्य अशी ही साखळी आहे.

आजच्या भाषेत सांगायचे तर राजाने तीन चुका केल्या. पहिली, वेळेवर काहीच केले नाही. दुसरी, गुन्हा घडल्यावर एकेकट्याला पैसे देऊन प्रश्न मिटवला. तिसरी, ते फसल्यावर सर्वांसमोर क्रूर शिक्षा दिली. आरोपीची धिंड काढल्याचे व्हिडिओ आज मोबाइलवर फिरतात आणि लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे सुत्त एकदा वाचावे.

मग उपाय काय? तो दीघनिकायातल्याच कूटदन्त सुत्तात आहे. महाविजित राजाच्या राज्यात चोर-लुटारूंचा उपद्रव होता. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की वध, बंधन आणि दंड यांनी हा उपद्रव मिटणार नाही, कारण मागे उरलेले लोक पुन्हा तेच करतील. त्यापेक्षा जे शेती आणि पशुपालन करतात त्यांना बी आणि चारा द्या, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्या, जे राज्याच्या सेवेत आहेत त्यांना योग्य वेतन द्या. राजा तसे करतो आणि राज्य इतके सुरक्षित होते की लोक मुलांना कडेवर नाचवत, घराची दारे उघडी ठेवून राहतात.

दोन्ही सुत्ते एकत्र वाचली की फरक लक्षात येतो. चोरीनंतर हातावर ठेवलेले पैसे कामाला आले नाहीत. चोरीच्या आधी, सर्वांना, कष्टाच्या मोबदल्यात मिळालेली साधने कामाला आली. शिष्यवृत्ती वेळेवर मिळणे, वस्तीत अभ्यासिका असणे, कंत्राटी सफाई कामगाराला किमान वेतन मिळणे, या गोष्टींना आपण कल्याणकारी योजना म्हणतो. पण त्या गुन्हे रोखणाऱ्याही गोष्टी आहेत.

गिरणगावाने दाखवलेले सत्य

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्यायचे तर मुंबईच्या गिरणगावाचे घ्यावे लागेल. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. लालबाग, परळ, भायखळा, वरळी या भागांतल्या चाळींत भोंग्यावर चालणारे आयुष्य थांबले. पुढच्या काळात मुंबईतल्या टोळ्यांना याच भागातून पोरे मिळाली. हातात हत्यार घेतलेले कित्येक तरुण टोळीयुद्धात किंवा पोलीस चकमकीत मारले गेले. एका गिरणी कामगाराच्या घरात हे सारे कसे शिरते ते जयंत पवार यांनी 'अधांतर' या नाटकात दाखवले.

पण हेही तितकेच खरे, की त्या चाळींतल्या बहुसंख्य मुलांनी हत्यार घेतले नाही. कुणी वडापावची गाडी लावली, कुणी रिक्षा चालवली, कुणी सुरक्षारक्षक झाला, कित्येक आयांनी पोळी-भाजीचे डबे करून घर चालवले. परिस्थिती सारखी असूनही सगळे गुन्हेगार होत नाहीत. म्हणून गरिबीला गुन्ह्याचे निमित्त करणे हा कष्ट करून सरळ जगणाऱ्या गरिबांचा अपमान आहे. बौद्ध विचारात चेतनेला, म्हणजे हेतूला महत्त्व आहे. कृतीची जबाबदारी करणाऱ्याचीच असते. कारण समजून घेणे म्हणजे माफी देणे नव्हे. परिस्थिती वाट अरुंद करते आणि माणूस पाऊल टाकतो. वाट रुंद करणे समाजाचे काम, पाऊल सांभाळणे माणसाचे.

मग एक जण सांभाळतो आणि दुसरा घसरतो, असे का? आमच्या कामात तीन गोष्टी वारंवार दिसतात. पहिली, संगत. सदरलँड यांचेच दुसरे म्हणणे असे होते की गुन्हा शिकला जातो, आणि तो जवळच्या माणसांकडून शिकला जातो. खाते भाड्याने मागणारा कुणी परका नव्हता, तो त्याच गल्लीतला 'भाई' होता, ज्याच्याकडे नवी दुचाकी होती. दुसरी, व्यसन. सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा तोटे सांगितले आहेत. धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये चोरी न करण्याची, खोटे न बोलण्याची आणि दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तरीही वस्तीतल्या हाणामारीच्या किती प्रकरणांची सुरुवात दारूपासून होते, हे आपल्याला माहीत आहे. जयंतीच्या मिरवणुकीतही ती दिसते, हे कबूल करायला हवे. तिसरी गोष्ट, घरात किंवा शेजारी ऐकून घेणारे मोठे माणूस नसणे. ज्या मुलाला "असं असं सांगतायत, खातं देऊ का?" हे विचारायला कुणी असते, तो बहुधा वाचतो.

परिणाम कुणाकुणावर होतात?

सर्वांत आधी ज्याच्यावर गुन्हा घडला त्याच्यावर. त्या निवृत्त शिक्षकांची पुंजी गेली, आणि स्वतः फसलो याची लाज त्यांच्या वाट्याला आली. अत्याचाराच्या प्रकरणांत तर पीडित कुटुंबच गाव सोडते. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजीनंतर एका कुटुंबाचे काय उरले, हे आपण पाहिले आहे. गुन्हेगाराबद्दल समजूतदारपणे बोलताना पीडिताचा विसर पडला, तर ती करुणा अर्धवट आहे.

दुसरा परिणाम आरोपीच्या घरावर. कमावता मुलगा आत गेला की वकिलाची फी, कोर्टाच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी हे सगळे आई आणि बायकोवर येते. बहिणीचे लग्न मोडते. धाकटा भाऊ शाळेत जायला तयार होत नाही.

तिसरा परिणाम संपूर्ण वस्तीवर. वस्तीचे नाव सांगितले की नोकरी मिळत नाही, बँक कर्जाचा अर्ज बाजूला ठेवते, रिक्षावाला यायला नकार देतो. एका गुन्ह्याची शिक्षा हजार माणसे भोगतात. आणि गंमत अशी, की पांढरपेशा घोटाळेबाजाच्या सोसायटीला असा शिक्का कधी लागत नाही.

चौथा परिणाम न्यायावरच्या विश्वासावर. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यातले ४,३४,३०२, म्हणजे चारांतले तीन, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा १६.६ टक्के आहे, तुरुंगात तो पाचव्या हिश्शाहून अधिक आहे. आपली माणसे जास्त गुन्हे करतात असा याचा अर्थ नाही. जामीनदार आणि वकील ज्यांना लवकर मिळत नाहीत, ते आत राहतात. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या एका गरीब गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. खालच्या न्यायालयाने त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याचा जामीन नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही रक्कम कमी केली आणि जामिनाची व्यवस्था गरिबाला कशी चिरडते हे परखडपणे लिहिले. त्याला आता जवळजवळ पाच दशके होत आली, तरी जामीनदार नाही म्हणून अडकलेले लोक आजही आहेत.

आणि किरकोळ आरोपाखाली आत गेलेला पोरगा सराईतांच्या बराकीत महिनोन्महिने राहिला, तर बाहेर येताना काय शिकून येईल?

आपण काय करू शकतो?

हक्क माहीत असावेत. अटक झालेल्या व्यक्तीला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे संविधानाच्या कलम २२ नुसार बंधनकारक आहे, त्यात प्रवासाचा वेळ धरला जात नाही. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक किंवा कोठडीतला कुणीही, यांना १९८७ च्या कायद्यानुसार मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर त्या व्यक्तीला निर्धन मानून वैयक्तिक बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. गरीब बंद्यांसाठी २०२३ पासून केंद्राची एक योजना आहे, तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते. नव्या कायद्यात पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने पाच हजारांहून कमी किमतीची चोरी केली असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. ही माहिती विहाराच्या फळ्यावर लिहिलेली असावी. ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करायचा, हेही त्याच फळ्यावर असावे.

मुलांशी आधी बोलावे. आपले खाते, सिमकार्ड, आधार कुणालाही वापरायला देणे म्हणजे गुन्ह्यात भागीदार होणे, हे दहावी-बारावीच्या मुलांना स्पष्ट सांगायला हवे. विहार रविवारी तासभर आणि जयंतीला पंधरा दिवस उघडे असते. रोज संध्याकाळी दोन तास अभ्यासिका म्हणून उघडले, तर ते वस्तीतले सर्वांत मोठे गुन्हेप्रतिबंधक काम होईल.

पीडिताच्या बाजूला उभे राहावे. आरोपी आपल्या नात्यातला आहे म्हणून तक्रार मागे घ्यायला लावणे हे शीलात बसत नाही, विशेषतः पीडित बाई किंवा मूल असेल तेव्हा. वस्तीत बसून तडजोड करणे म्हणजे न्याय नव्हे.

परत आलेल्याला जागा द्यावी. अंगुलिमालाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. अट्ठकथा सांगते की त्याचे मूळ नाव अहिंसक होते, तो हुशार विद्यार्थी होता, आणि मत्सरी सहाध्यायी व भडकवलेला गुरू यांनी त्याला त्या मार्गावर ढकलले. तथागत त्याच्या वाटेवर स्वतः चालत गेले आणि त्याला संघात घेतले. पण गोष्टीचा शेवट आपण सहसा सांगत नाही. भिक्खू झाल्यावरही तो भिक्षेला गेला तेव्हा त्याच्यावर दगड पडले, डोके फुटले. तथागतांनी त्याला ते सहन करायला सांगितले, आपल्या कृतीचे फळ म्हणून. संघाने मात्र त्याला बाहेर काढले नाही. जबाबदारी त्याची राहिली आणि जागाही राहिली.

तो मुलगा आता जामिनावर बाहेर आहे. खटला चालू आहे. मावशींना वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाला. जयंती समितीतून त्याचे नाव काढले गेले नाही, पण त्याला कुणी कामही दिलेले नाही. पोलीस पडताळणीत प्रकरण निघते आणि कुरिअरवाले नको म्हणतात. वंदनेला तो मागच्या रांगेत बसतो आणि संपण्याआधी उठून जातो. त्या शिक्षकांचे सगळे पैसे अजून परत मिळालेले नाहीत, आणि ते मिळावेत म्हणून जे माहीत आहे ते सगळे तपासात सांगायचे, हे त्याने आमच्यासमोर कबूल केले आहे. त्याला पाच हजार देणारा माणूस अजून सापडलेला नाही. तो या आठवड्यात दुसऱ्या एखाद्या वस्तीत दुसऱ्या मुलाशी बोलत असेल.

त्या मुलाच्या आधी आपण तिथे पोहोचणार का, हा खरा प्रश्न आहे.

नमो बुद्धाय, जय भीम!